अमेरिकेतील शिस्तबद्ध रस्ते पायी चालणाऱ्यांना धोक्याचे का ठरतात?

दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथून ज्येष्ठ मंडळी न्यू जर्सीतील आपल्या मुलामुलींकडे मुक्कामाला येऊ लागतात. प्रवासाचा शीण उतरला आणि झोपेचे वेळापत्रक रुळले, की त्यांना संध्याकाळच्या फेरफटक्याची आठवण होते. एडिसन, इझेलिन, मेटाचेन या भागांत अशी फिरायला निघालेली जोडपी सहज दृष्टीस पडतात. पायांत बूट, अंगात स्वेटर आणि दोघांत मिळून एक फोन. रस्त्याविषयी त्यांचे पहिले मतही बहुधा ठरलेले असते. इथे कोणी भोंगा वाजवत नाही, कोणी उलट दिशेने येत नाही, लाल दिवा लागला की मध्यरात्रीसुद्धा गाडी थांबते. तेव्हा चालायला इथल्यासारखी निर्धोक जागा नाही, असा निष्कर्ष ते काढून मोकळे होतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. २००९ साली अमेरिकेत वाहनांच्या धडकेने सुमारे ४,१०० पादचारी मृत्यू पावले होते. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. २०२३ मध्ये तो किंचित उतरून ७,३१४ झाला. त्याच वर्षी सायकलस्वारांच्या मृत्यूंची संख्या अकराशेच्या पलीकडे होती. युरोपातील बहुतेक संपन्न देशांत याच काळात पादचाऱ्यांचे मृत्यू घटत गेले. अमेरिकेत मात्र ते वाढले. वाहनचालकांची शिस्त या काळात अचानक बिघडली असे म्हणावे, तर केवळ तेवढ्याने हा उलगडा होत नाही. कारण मुख्यतः रस्त्याच्या घडणीत आणि त्यावर धावणाऱ्या वाहनांच्या आकारात शोधावे लागते.

‘हायवे’ म्हणजे नेमके काय?

मराठी माणसाच्या मनात ‘हायवे’ म्हटले की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा, गावाबाहेरून जाणारा रस्ता उभा राहतो. अमेरिकेत अशा बंदिस्त रस्त्याला ‘फ्रीवे’ म्हणतात, त्यावर पायी चालण्यास व सायकलीस सर्वसाधारणपणे मनाई असते. खरा प्रश्न आहे तो दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यांचा. पादचाऱ्यांचे निम्म्याहून अधिक मृत्यू होतात ते गावातूनच जाणाऱ्या चार-सहा मार्गिकांच्या प्रमुख रस्त्यांवर. एडिसनमधून जाणारा ‘रूट १’ हे त्याचे ठळक उदाहरण. गाड्या ताशी पन्नास मैलांच्या आसपास धावतात आणि दोन्ही काठांना दुकाने, उपाहारगृहे, दवाखाने, मोटेल आणि बसथांबे असतात. दोन गावे जोडणारा वेगवान मार्ग आणि बाजारपेठेतला रस्ता ही दोन परस्परविरोधी कामे एकाच डांबरी पट्ट्यावर लादली गेली आहेत. चार्ल्स मॅरोन या अभियंत्याने ‘स्ट्रीट’ आणि ‘रोड’ यांचा संधी करून अशा रस्त्याला ‘स्ट्रोड’ हे नाव दिले. नावातच त्याची विसंगती आहे.

या रस्त्यांच्या मधोमध उभी असलेली काँक्रीटची बुटकी भिंत जगभर ‘जर्सी बॅरिअर’ या नावाने ओळखली जाते, कारण तिचा जन्मच या राज्यातला, १९५०च्या दशकातला. समोरासमोरच्या धडका टाळण्याच्या कामी तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु एका काठाला राहणारा आणि पलीकडच्या काठावर कामाला जाणारा जो माणूस गाडी बाळगत नाही, त्याच्या वाटेत ती भिंतच आहे. अधिकृत ओलांडण्याची जागा अर्ध्या मैलावर असेल, तर जाऊन-येऊन एक मैलाची पायपीट होते. ती टाळण्यासाठी माणसे भिंतीवरून चढून जातात.

त्या मानाने ‘रूट २७’ अरुंद आणि जुना. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को जोडण्यासाठी १९१३ साली आखलेल्या लिंकन हायवेचा तो भाग आहे. त्याच्या काठाने आज किराणा दुकाने, मिठाईवाले आणि शाळा आहेत. तरीही काही टप्प्यांत पदपथ अचानक संपतो आणि चालणारा गवतात किंवा थेट मार्गिकेच्या कडेला येऊन उभा राहतो.

वेगाचे गणित

ताशी ४० मैल वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ ५९ फूट अंतर तोडते. चालकाला समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ८८ फूट गाडी तशीच पुढे येते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती थांबायला आणखी ७५-८० फूट लागतात. एकूण सुमारे १६५ फूट. हाच वेग २५ मैलांचा असता, तर सारा हिशेब ८५ फुटांत आटोपला असता. जेथे दुसरी गाडी निवांतपणे थांबली असती, तेथे पहिलीच्या चालकाचा पाय नुकताच ब्रेकवर पोहोचलेला असतो. त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण वेगानेच आदळते.

धडकेचे परिणामही वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाहीत. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालक संघटनेच्या प्रतिष्ठानने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताशी २३ मैलांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी दहा टक्के असते. ३२ मैलांना ती पंचवीस टक्के, ४२ मैलांना पन्नास टक्के आणि ५८ मैलांना नव्वद टक्के होते. याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण घरी आलेल्या आईवडिलांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. सत्तरीच्या माणसाला ताशी २५ मैलांनी बसलेली धडक ही तिशीच्या माणसाला ३५ मैलांनी बसलेल्या धडकेइतकीच घातक असते.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या स्टेशनाबाहेर गाड्या कशाही चालत असल्या, तरी गर्दीमुळे त्या सहसा मंद असतात आणि चालक व पादचारी एकमेकांकडे बघत, हात दाखवत वाट काढतात. भारतातील रस्ते म्हणून सुरक्षित आहेत असे मुळीच नव्हे. २०२२ मध्ये तेथे ३२ हजारांहून अधिक पादचारी मरण पावले आणि महामार्गांवरची स्थिती तर भीषण आहे. पण शहरातल्या गर्दीत अंगवळणी पडलेली ही नजरभेटीची रीत पन्नास मैलांच्या वेगापुढे निरुपयोगी ठरते. गाडीच्या काचेआडचा चेहरा दिसेपर्यंत गाडी येऊन गेलेली असते.

वाहनांचा आकार हे दुसरे कारण. अमेरिकेत आज विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांपैकी सुमारे चार-पंचमांश वाहने एसयूव्ही, पिकअप ट्रक किंवा व्हॅन या वर्गातील असतात. ठेंगण्या मोटारीची धडक पायांना बसते आणि माणूस बोनेटवर कोसळतो. उंच, सपाट तोंडाच्या गाडीची धडक छातीला किंवा डोक्याला बसते आणि माणूस पुढे फेकला जाऊन चाकांखाली येण्याची भीती असते. महामार्ग सुरक्षेसंबंधी काम करणाऱ्या विमा संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बोनेट असलेली वाहने ३० इंचांच्या आतील उतरत्या बोनेटच्या वाहनांपेक्षा पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. ४० इंच म्हणजे पाच फूट उंचीच्या आजींच्या जवळजवळ छातीपर्यंत.

दोष कोणाचा, हे कसे ठरले

रस्ता हा मुळात गाड्यांचा आणि पादचारी तेथे आगंतुक, ही समजूत अनादी नाही. १९२०च्या दशकापूर्वी अमेरिकन शहरांतील रस्त्यांवर मुले खेळत, फेरीवाले उभे राहत, लोक वाटेल तेथून रस्ता ओलांडत. मोटारींनी माणसे मरू लागली तेव्हा रोष मोटारींवर होता. १९२३ साली सिनसिनाटीत बेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली, की शहरातील प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांवर वेग जाऊ न देणारे यंत्र बसवावे. मोटारविक्रेते आणि त्यांचे पाठीराखे खडबडून जागे झाले, जोराचा प्रचार झाला आणि मतदानात ती मागणी फेटाळली गेली. त्याच सुमारास ‘जेवॉकर’ हा शब्द रुळवला गेला. ‘जे’ म्हणजे शहरी रीतभात न कळणारा गावंढळ. १९२५ साली लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांवर बंधने घालणारे नियम केले आणि इतर शहरांनी त्यांचे अनुकरण केले. रस्ता ओलांडणारा सामान्य माणूस दोन दशकांच्या आत अपराधी ठरला.

हा दृष्टिकोन किती खोल रुजला आहे, हे जॉर्जियातील एका खटल्यावरून दिसते. २०१० साली एक आई आपल्या मुलांसह बसमधून उतरली. घर अगदी समोर, पण ओलांडण्याची अधिकृत जागा मैलाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी दूर. बसमधून उतरलेल्या इतरांप्रमाणे तीही दुभाजकापर्यंत गेली. तेथून पुढे तिचा चार वर्षांचा मुलगा एका गाडीखाली सापडून मरण पावला. चालक मद्य प्यायलेला होता आणि न थांबता निघून गेला. त्याने सहा महिने कारावास भोगला. आईवर मात्र मुलाच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप सिद्ध धरला गेला आणि कायद्याप्रमाणे तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. देशभर संताप उसळला, न्यायालयाने तिला फेरखटल्याचा पर्याय दिला आणि अखेर २०१३ साली केवळ रस्ता चुकीच्या जागी ओलांडल्याचा दोनशे डॉलर दंड भरून ते प्रकरण मिटले. थांबा घरासमोर ठेवून ओलांडण्याची जागा दूर ठेवणाऱ्या यंत्रणेवर कसलाच ठपका आला नाही.

वाट बदलू लागली आहे, पण सावकाश. व्हर्जिनियाने २०२१ पासून केवळ या कारणासाठी माणसाला अडवण्यास पोलिसांना मनाई केली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, धडकेचा तात्काळ धोका नसेल, तर दंड करता येत नाही. न्यूयॉर्क शहरानेही २०२४ मध्ये हा गुन्हा रद्द केला.

अभियांत्रिकीच्या नियमांतही जुनी दृष्टी टिकून आहे. पादचाऱ्यांसाठी सिग्नल उभारायचा, तर त्या जागी चार तास, दर तासाला साधारण शंभर माणसे रस्ता ओलांडताना दिसावीत, असा निकष राष्ट्रीय नियमपुस्तिकेत दीर्घकाळ राहिला. जेथे ओलांडणेच जिवावरचे, तेथे शंभर माणसे जमणार कशी? वेगमर्यादेची रीत त्याहून अजब. शंभरातील ८५ चालक ज्या वेगाच्या आत गाडी चालवतात, त्या वेगाच्या जवळपासची मर्यादा ठरवायची. रस्ता रुंद आणि सरळ केला की चालक वेग वाढवतात, वेग वाढला की मर्यादा वाढवण्याची शिफारस येते. २०२३ अखेरच्या आवृत्तीत या दोन्ही बाबी काही प्रमाणात सौम्य केल्या गेल्या आहेत.

चालताना बदलावयाच्या सवयी

रस्ते बदलायला वर्षे लागतील. फेरफटका आज संध्याकाळी आहे. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार, पदपथ नसेल तेथे पादचाऱ्याने शक्यतो रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. महाराष्ट्रात शाळेपासून ‘डावीकडून चाला’ हेच कानी पडलेले असल्याने हा नियम सोपा वाटतो, पण त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. तेथे वाहनेही डावीकडून जातात, त्यामुळे डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीमागून ती येतात. अमेरिकेत वाहने उजवीकडून जात असल्याने डावीकडून चालणाऱ्याला येणारी गाडी समोर दिसते, आणि ती भरकटली तर बाजूला होण्यास क्षणभर का होईना मिळतो.

रस्ता ओलांडताना मात्र जुनी सवय घात करते. पन्नास-साठ वर्षे उजवीकडे आधी पाहिलेली मान येथेही उजवीकडेच वळते, तर पहिली गाडी येते डावीकडून. म्हणून आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नातवंडांनी आजीआजोबांना हे दोन-चार दिवस सोबत चालून शिकवावे. सांगून ते पक्के होत नाही.

सिग्नलविषयीचे गैरसमज बरेच आहेत. उपनगरांत बहुतेक चौकांत खांबावरचे बटण दाबल्याशिवाय चालण्याची खूण उमटतच नाही, आणि वाहनांचा हिरवा दिवा पादचाऱ्याला पुरेसा वेळ देईलच असे नाही. पांढरी मानवाकृती उमटते ती अवघे काही सेकंद. तेवढ्यात पाऊल उचलायचे असते. नंतर लुकलुकणारा केशरी हात आणि उलटी मोजणी दिसते. तिचा अर्थ ‘आता निघू नका, पण निघाला असाल तर पूर्ण करा’ असा आहे. अनेक ज्येष्ठ हा हात पाहून मध्येच गोंधळतात आणि परत फिरतात. ही वेळ सेकंदाला साडेतीन फूट या गतीने मोजलेली असते. ऐंशी फुटांचा रस्ता त्या हिशेबाने २३ सेकंदांत पार व्हावा. गुडघेदुखी असलेल्याला बत्तीस लागू शकतात. दुभाजकावर उभे राहण्याजोगी जागा असेल तर ओलांडणे दोन टप्प्यांत करावे, त्यात कमीपणा नाही.

लाल दिवा असतानाही थांबून उजवीकडे वळण्याची मुभा हा अमेरिकेचा विशेष. १९७०च्या दशकातील तेलटंचाईत इंधन वाचवण्यासाठी ती देशभर पसरली. न्यूयॉर्क शहरात ती सहसा नाही, न्यू जर्सीत मनाईचा फलक नसेल तेथे आहे. उजवीकडे वळू पाहणारा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांत फट शोधत असतो. उजवीकडून झेब्रा क्रॉसिंगवर उतरलेला माणूस त्याच्या नजरेच्या टापूतच नसतो. गाडी थांबलेली आहे एवढ्यावर विसंबू नये, चालकाने मान वळवून पाहिले का, ते पाहावे.

न्यू जर्सीत एप्रिल २०१० पासून, रेखांकित क्रॉसिंगवर पादचारी असेल तर चालकाने केवळ वेग कमी करणे पुरेसे नाही, पूर्ण थांबणे बंधनकारक आहे. या कायद्यामुळे एक नवाच प्रसंग उद्भवतो. पहिल्या मार्गिकेतील सौजन्यशील चालक थांबतो, हाताने ‘या, या’ अशी खूण करतो. पाहुणे संकोचून, त्याला ताटकळत ठेवू नये म्हणून, लगबगीने पुढे होतात. पलीकडच्या मार्गिकेतून येणाऱ्याला मात्र त्या थांबलेल्या गाडीआडची माणसे दिसत नाहीत. चार मार्गिकांच्या रस्त्यावरील अत्यंत वाईट अपघातांचा हा नेहमीचा घाट आहे. पहिल्या गाडीच्या पुढच्या टोकाशी थांबून डोकावल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. भिडेला तेथे जागा नाही.

सायकलस्वार आणि अंधार

सायकलीचा नियम पादचाऱ्याच्या नेमका उलट आहे. सायकल हे कायद्याने वाहनासारखेच, तेव्हा ती वाहनांच्याच दिशेने, उजव्या बाजूने चालवावी. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उलट दिशेने जाणारे बरेच आहेत, विशेषतः उपाहारगृहांत रात्री उशिरापर्यंत काम करून परतणारे. परंतु गल्लीतून बाहेर पडणारा चालक त्या दिशेकडे पाहतच नाही. १ मार्च २०२२ पासून न्यू जर्सीत सायकलस्वार किंवा पादचाऱ्याला ओलांडून जाताना, शक्य असल्यास मार्गिका बदलणे आणि ते जमत नसेल तर किमान चार फूट अंतर ठेवणे चालकावर बंधनकारक आहे. चार फूटही मिळत नसतील, तर वेग २५ मैलांवर आणून, धोका नसेल तेव्हाच पुढे जायचे. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही पाचशे फुटांवरून दिसणारे, सक्तीचे आहेत. सतरा वर्षांखालील मुलांना हेल्मेटही.

देशातील पादचाऱ्यांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू अंधारात होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारलाच सूर्य मावळतो. फिरायची वेळ सहाचीच राहते. काळे किंवा निळे जाकीट घातलेला माणूस मंद झोतात इतक्या उशिरा दिसतो, की ४० मैलांनी येणारा सावध चालकही गाडी आवरू शकत नाही. परावर्तक पट्ट्या छातीपेक्षा घोट्यांवर आणि मनगटांवर अधिक उपयोगी पडतात, कारण हातापायांची लय पाहून हा खांब नसून चालणारा माणूस आहे हे मेंदू पटकन ओळखतो. गाडीतील स्वयंचलित ब्रेकवर भिस्त ठेवू नये. २०१९ मध्ये ‘एएए’च्या चाचण्यांत त्या काळच्या प्रणाली रात्री निष्प्रभ ठरल्या होत्या. अंधारातही पादचारी ओळखणारी प्रणाली सप्टेंबर २०२९ पासून नव्या गाड्यांत असावी, असा केंद्रीय नियम २०२४ मध्ये झाला असला, तरी जुन्या गाड्या रस्त्यावरून जायला त्यानंतरही बरीच वर्षे लागतील.

तक्रार कोणाकडे?

हडसन नदीच्या काठावरील होबोकन शहरात जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षांहून अधिक काळ रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तेथे जादू झाली नव्हती. क्रॉसिंगपासून २५ फुटांत गाडी उभी करू नये हा राज्याचा जुनाच नियम. होबोकनने कोपऱ्यांवर खांब, कुंड्या आणि सायकलींचे कठडे लावून तो प्रत्यक्षात आणला, म्हणजे चालक आणि पादचारी एकमेकांना आधीच दिसू लागले. २०२२ मध्ये वेगमर्यादा २० मैलांवर आणली. महामार्गावर इतके सोपे नसते, तरी तेथेही उपाय सिद्ध झालेले आहेत. मध्यभागी उभे राहण्याचा सुरक्षित ओटा केल्यास पादचाऱ्यांचे अपघात निम्म्याहून अधिक घटतात. बटण दाबल्यावरच पेटून गाड्यांना लाल दिवा दाखवणारा सिग्नल ॲरिझोनातील टूसॉन शहरात विकसित झाला. केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या अभ्यासात त्यामुळे असे अपघात ६९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

अडचण बहुधा अशी होते, की रहिवासी नगरपालिकेत जातात आणि तेथून हात हलवत परततात, कारण रस्ता नगरपालिकेचा नसतोच. रूट १ आणि रूट २७ राज्याच्या परिवहन विभागाकडे आहेत, ओक ट्री रोड मिडलसेक्स काउंटीकडे. अर्ज योग्य दारी जायला हवा. त्यात जवळच्या खांबाचा क्रमांक किंवा चौकाचे नाव, बसथांबा कोठे, जवळचे क्रॉसिंग किती अंतरावर, सिग्नलचे सेकंद किती आणि ते ओलांडायला प्रत्यक्षात किती लागले, हे मोजून लिहिलेले असावे. थोडक्यात बचावलेल्या प्रसंगांची तारीख-वेळही नोंदवावी. पोलिसांच्या दफ्तरात फक्त घडलेले अपघात असतात. राज्याने २०४० पर्यंत रस्त्यावरील मृत्यू शून्यावर आणण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये कायद्याने आयोग नेमला आहे. काउंटी आणि नगरपालिका परिषदांच्या बैठकांत नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो, आणि तेथे बोलायला मतदार असावेच लागते असे नाही. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबाही, हातात सेकंदांची टिपणे घेऊन, तेथे उभे राहू शकतात.